चौदा चकत्या

"या बशीत गोळ्या कुणी काढून ठेवल्या?" नर्स ओल्गाने खिडकीपाशी थांबून विचारले.

सिल्वेरिओ कार्कामो आईची वर सारलेली बाही खाली करत होता. "मी," तो म्हणाला. "तिच्या बोटांनी पाकिटातून गोळी निघत नाही. रविवारी बसून आठवड्याच्या काढून ठेवतो."

"आणि ठेवता कुठे, तर उन्हात."

"समोर असल्या की तिला आठवण राहते. नाहीतर विसरते."

"मी काही विसरत नाही," एर्सिलिआबाई खुर्चीतून म्हणाल्या. "विसरतो हा. परवा तर माझी पोळीच तव्यावर विसरला."

ओल्गाने बशी उचलून नाकाशी धरली, जणू वासावरून काही कळणार होते. "निफेडिपिन आहे हे, कार्कामो. उजेडात मरतं. पाकीट लाल रंगाचं का असतं, शोभेला? महिनाभर मी यांचा रक्तदाब चढताना बघतेय, डॉक्टर म्हणतात डोस वाढवा, आणि इथे तुम्ही यांना रोज खडू खायला घालताय."

"उजेडात मरतं म्हणजे... किती वेळात?"

"गोळीला दिवस लागत असतील. विरघळवलेलं असलं तर काही तासांत जातं, असं आम्हाला शिकवलं होतं. पण तुम्ही तर विद्यापीठात प्रयोगशाळेत आहात ना? मी तुम्हाला सांगायचं?"

सिल्वेरिओ आईच्या पलंगाच्या कडेवर बसला. खाली वाल्पाराइसोच्या बंदरात एक जहाज भोंगा देत होते. ओल्गाने नव्या गोळ्यांची पाकिटे टेबलावर ठेवली, आईचा गाल कुरवाळला आणि पायऱ्या उतरून गेली. तो तसाच बसून राहिला. डोळ्यांसमोर बारीक तोंडाच्या सोळा काचेच्या कुप्या होत्या. पारदर्शक कुप्या.

प्रयोगशाळेत त्याला तेव्हा एकवीस वर्षे झाली होती. डॉक्टर बाराओना यांच्या हाताखाली तो सहायक होता. कागदोपत्री तंत्रज्ञ, पण त्याच्याशिवाय तिथले पान हलत नसे. सकाळी सातला येऊन तो क्षार मोजायचा, पाण्यात घालायचा, त्यात प्राणवायूचे बुडबुडे सोडायचा आणि कॅल्शियम सगळ्यात शेवटी घालायचा, नाहीतर पाणी दुधासारखे गढूळ होते. मग पांढऱ्या उंदराच्या मेंदूतला हिप्पोकॅम्पस नावाचा वाकडा, शेंगेएवढा भाग काढून त्याच्या केसाच्या जाडीच्या चार-पाच पट एवढ्या पातळ चकत्या पाडायचा. त्या पाण्यात त्या चकत्या संध्याकाळपर्यंत जिवंत राहत. इतरांनी पाडलेल्या दुपारीच मरत. सान्तियागोहून लोक त्याचा हात बघायला येत आणि तो लाजून म्हणे, "त्यात काही नाही. बर्फ भरपूर घ्यायचा."

यास्ना ओयार्सून बाराओनाबाईंची विद्यार्थिनी. चिलोए बेटावरून आलेली, बोटी बांधणाऱ्या सुताराची मुलगी. तिचा प्रश्न सांगायला सोपा होता. चकतीतल्या एका तंतूला विजेचा हलका टोला दिला की पुढची पेशी उत्तर देते. टोल्यांचा जोराचा सपाटा दिला की त्यानंतर तेच उत्तर मोठे येते आणि तासन् तास मोठेच राहते. पेशीला काहीतरी लक्षात राहिले, असे म्हणायचे. हे लक्षात राहण्यासाठी पेशीत कॅल्शियम शिरावे लागते. शिरायची एक वाट सगळ्यांना माहीत होती, शेजारणीचा निरोप आला की उघडणारी. दुसरी वाट पेशीची स्वतःची, तिच्या अंगातला विजेचा दाब बदलला की उघडणारी. निफेडिपिन ही दुसरी वाट बंद करते. रक्तवाहिनीत ती बंद केली की रक्तदाब उतरतो. मेंदूतल्या पेशीत बंद केली, तर तिचे लक्षात राहणे थांबते का, हे यास्ना शोधत होती.

आणि थांबत होते. सगळे नव्हे, पण अर्ध्याहून अधिक. चौदा चकत्या, चौदाही वेळा तेच. त्यातल्या पहिल्या काही झाल्या तेव्हाच, मे महिन्यात, बाराओनाबाईंनी परिषदेला गोषवारा पाठवला. यास्नाने सिल्वेरिओला कोपऱ्यावरच्या दुकानात नेऊन एम्पानादा, खिमा भरलेली करंजी, खाऊ घातली आणि म्हणाली, "काका, यातली निम्मी पदवी तुमची. कागदाचा वरचा अर्धा भाग तुम्ही घ्या, नावाचा तेवढा माझ्याकडे राहू दे."

जुलैत औषधाचा नवा साठा करायची पाळी आली. औषध विरघळवून, छोट्या तपकिरी कुप्यांत भरून, वर चंदेरी कागद गुंडाळून बर्फपेटीत ठेवायचे, हे काम त्याचेच. तपकिरी कुप्या संपल्या होत्या. मागवलेल्या आल्या नव्हत्या. त्याने पारदर्शक कुप्या घेतल्या. कागद तर गुंडाळायचाच आहे, तपकिरी काय नि पांढऱ्या काय. उत्तरेच्या, म्हणजे त्या गोलार्धात उन्हाच्या, खिडकीखालच्या टेबलावर त्याने सोळा कुप्या भरल्या आणि तेवढ्यात शेजारणीचा फोन आला, तुझी आई पायऱ्यांवर पडली. तो कोट घेऊन धावला. आईचे मनगट मोडले होते. रात्र इस्पितळात गेली. दुसऱ्या दिवशी अकराला तो आला तेव्हा कुप्या होत्या तिथेच होत्या. दोन दिवसांच्या पावसानंतर स्वच्छ ऊन पडले होते आणि ते थेट त्यांच्यावर येत होते. द्रव तसाच पिवळा दिसत होता. क्षणभर त्याच्या मनात आले, टाकून द्यावे. मग वाटले, महागाचे औषध आहे, बाईंना कारण सांगावे लागेल, आणि असल्या नियमांतले निम्मे तर डॉक्टर लोकांच्या सोवळ्याचेच असतात. त्याने कागद गुंडाळला आणि कुप्या बर्फपेटीत ठेवल्या. तारीख मात्र नीट घातली. बारा जुलै.

पंधराव्या चकतीपासून औषध चालेना. यास्ना आधी हसली, मग कावरीबावरी झाली, मग दिवसाला दोन-दोन प्रयोग करू लागली. शेवटी बाईंनी गास्पार नावाच्या दुसऱ्या विद्यार्थ्याला तेच प्रयोग स्वतंत्रपणे करायला सांगितले. त्यानेही त्याच कुप्यांतले औषध घेतले. त्याच्या सात चकत्यांत काहीच घडले नाही. मग लोक यास्नाच्या पाठीमागे त्या पहिल्या चौदांबद्दल बोलू लागले. नको त्या चकत्या वगळल्या असतील. मनासारख्या तेवढ्या ठेवल्या असतील. मुद्दाम नसेल, पण होते असे.

ओल्गाने बशी उचलली तो दिवस शनिवार होता. बाईंनी बैठक ठेवली होती मंगळवारी.

सिल्वेरिओकडे मधले दोन दिवस होते. रविवारी त्याने बाईंच्या घरचा नंबर दोनदा फिरवला आणि दोनदा ठेवून दिला. त्याची नेमणूक वर्षावर्षाची होती, दर डिसेंबरला बाईंच्या सहीने पुढे जाणारी. आईचे मनगट जुळत होते, रक्तदाब चढलेला होता, आणि घरात मिळवणारा तो एकटा. हे सगळे खरे होते. पण पुढे अनेक वर्षे रात्री-अपरात्री नव्हे, भर दिवसा, काचसामान धुता धुता त्याला कळत आले की कारण ते नव्हते. "सिल्वेरिओचा हात" म्हणून सान्तियागोहून लोक येत. तो हात चुकला, हे त्याला तोंडाने म्हणता आले नाही.

बैठक ग्रंथालयातल्या लांब टेबलापाशी झाली. यास्ना वह्या मांडीवर घेऊन बसली होती. बाईंनी आवाज चढवला नाही. त्या कधीच चढवत नसत.

"औषध खराब असू शकतं," गास्पार म्हणाला. पोरगा सरळ होता, यास्नाचे वाईट व्हावे अशी त्याची इच्छा नव्हती.

बाईंनी उत्तर द्यायच्या आधी यास्नाच बोलली. "काकांनी भरलंय ते. त्यात चूक नसते. मला पळवाट नकोय, गास्पार."

"तरी विचारते," बाई सिल्वेरिओकडे वळल्या. "जुलैपासून औषधात, पाण्यात, कशातही बदल झाला होता का?"

भिंतीवरच्या घड्याळाचा काटा सरकला.

"नाही, बाई," तो म्हणाला. "नेहमीसारखंच सगळं."

त्या चार शब्दांना फार तर दोन सेकंद लागले असतील.

कुणी यास्नाला काढून टाकले नाही. फक्त परिषदेचा गोषवारा मागे घेतला गेला, नवा विषय देऊ म्हणाले, आणि तिच्याशी बोलताना सगळे फार जपून बोलू लागले. तीन आठवड्यांनी ती स्वतःच गेली. शुक्रवारी दुपारी तिने आपले टेबल पुसले, सूक्ष्मदर्शकावर आच्छादन घातले आणि सिल्वेरिओला मिठी मारली.

"माफ करा काका. तुमच्या इतक्या चकत्या मी वाया घालवल्या."

त्याने तिच्या पाठीवर थोपटले. ती गेल्यावर त्याने उरलेल्या कुप्या नळाखाली रिकाम्या केल्या आणि नवे औषध तपकिरी कुप्यांत भरून दोनदा कागद गुंडाळला. त्यानंतर नऊ वर्षे तो प्रत्येक वेळी कागद दोनदा गुंडाळत असे. नवे विद्यार्थी त्याची थट्टा करत, काकांनी औषधाला थंडीचे कपडे घातले म्हणून.

एर्सिलिआबाईंचा रक्तदाब नव्या गोळ्यांनी दहा दिवसांत उतरला. त्या पुढे चार वर्षे जगल्या. त्या गेल्या, तेव्हा सिल्वेरिओकडचे निमित्तही गेले. तरी तो बोलला नाही. आता फार उशीर झाला, असे तो स्वतःला सांगे. आणि दर वर्षी तो उशीर एका वर्षाने अधिक खरा होई.

निवृत्तीला वर्ष राहिले असताना, मार्चमध्ये एकदा चहाच्या वेळी बाराओनाबाई हातात छापील कागद घेऊन आल्या. युरोपातल्या कुठल्याशा प्रयोगशाळेने शोधनिबंध काढला होता. जोराच्या सपाट्यानंतर पेशीच्या लक्षात राहण्यात त्या दुसऱ्या वाटेचा मोठा वाटा असतो. निफेडिपिनने ती बंद केली की अर्ध्याहून अधिक परिणाम जातो.

"आपल्याकडेही एका मुलीला हेच दिसलं होतं," बाई चष्मा पुसत म्हणाल्या. "दक्षिणेकडची होती. काय बरं नाव तिचं?"

"यास्ना," सिल्वेरिओ म्हणाला.

"हो, यास्ना. बघा, कधी कधी माणसाचं नशीबच नसतं."

सगळे आपापल्या कामाला गेले. सिल्वेरिओने कप विसळले, पालथे घातले, आणि बाईंच्या खोलीचे दार वाजवले. उभ्यानेच त्याने सगळे सांगितले. कुप्या, ऊन, ओल्गा, बैठक. बाईंनी मधे एकदाही अडवले नाही.

"मी तुम्हाला विचारलं होतं," त्याचे संपल्यावर त्या म्हणाल्या.

"हो, बाई."

"तुम्ही खोटं बोललात." मग त्यांनी टेबलावरचा निबंध उलटा करून ठेवला. "आणि मी तिच्या वह्या उघडूनसुद्धा पाहिल्या नाहीत. एक नवी कुपी करून बघा, एवढं म्हणायला मला काय झालं होतं? मला घाई होती. आपलं नाव खराब होईल, एवढंच दिसत होतं." त्या खिडकीकडे बघत राहिल्या. "मला कशाला सांगताय हे? तिला सांगा."

"जाणार आहे. आधी तुमच्या कानावर घातलं."

"मी तिला पत्र लिहीन," बाई म्हणाल्या. लिहिले की नाही, ते सिल्वेरिओला कधी कळले नाही.

कार्यालयातल्या नेलीकडे पत्ता होता. यास्ना पुताएन्दोत, डोंगराकडच्या लहानशा गावात, शाळेत विज्ञान शिकवत होती. एप्रिलमधल्या एका शनिवारी सिल्वेरिओ सान फेलिपेपर्यंत एका बसने आणि तिथून दुसऱ्या बसने गेला. रिकाम्या हाताने जाणे वाईट दिसेल आणि काही नेले तर लाच दिल्यासारखे होईल, या विचारात स्थानकावरच्या मिठाईच्या दुकानासमोर तो इतका वेळ उभा राहिला की बस सुटता सुटता राहिली. शेवटी रिकाम्या हातानेच गेला.

दार तिनेच उघडले. केसांत एक पांढरी बट, अंगावर डाग पडलेला एप्रन, हातात लांब लाकडी पळी. क्षणभर तिने ओळखले नाही. मग चेहरा उजळला आणि सिल्वेरिओला तिथेच मागे फिरावेसे वाटले.

"काका. अहो, तुम्ही इकडे कसे? या, या, आत या. पण माझ्याकडे बघू नका, मेंब्रिओ शिजतोय, हात थांबवला की करपतो."

स्वयंपाकघरात मोठ्या पातेल्यात मेंब्रिओच्या फळांचा गर रटरटत होता. वास आंबटगोड होता. तिने त्याला खुर्ची सरकवली आणि ढवळता ढवळता बोलत राहिली. शाळा कशी आहे, मुले कशी वात्रट आहेत, नवरा पाण्याच्या पाळीसाठी बागेत गेलाय, तासाभरात येईल, जेवूनच जा. "आई कशा आहेत?"

"गेली. पाच वर्षं झाली."

"अरेरे. मला फार हसवायच्या त्या फोनवर."

"यास्ना," तो म्हणाला, "मी एक सांगायला आलोय. मधे थांबलो तर पुन्हा जमणार नाही. तू ढवळत राहा."

तिने मान वळवून त्याच्याकडे पाहिले आणि पुन्हा पातेल्याकडे वळली. तो तिच्या पाठीशी बोलला. पारदर्शक कुप्यांपासून त्याने सुरुवात केली. काहीच गाळले नाही. कुप्या टाकून द्याव्यात असे क्षणभर वाटले होते, तेही सांगितले. शनिवारी कळले आणि मंगळवारी विचारले, तेही. मधे एकदा पळी थांबली. मग पुन्हा फिरू लागली, सावकाश.

"कुठल्या तारखेला?" तिने विचारले.

"अं?"

"कुप्या. भरल्या कधी?"

"अकरा जुलैला. बर्फपेटीत ठेवल्या बाराला."

"चौदावी चकती नऊ जुलैची," ती म्हणाली. विचार करायला तिला क्षणही लागला नाही. "जुन्या कुपीतली."

"हो."

"म्हणजे चौदाही जुन्या कुपीतल्या."

"चौदाही."

ती ढवळत राहिली. गराचा एक बुडबुडा फुटून तिच्या मनगटावर उडाला, पण तिने पुसला नाही.

"औषध खराब असेल, असं मी तेव्हा म्हटलं असतं, तर?" ती म्हणाली. "मला ते सुचलं होतं, काका. रात्री झोपेत सुचलं होतं. पण म्हटलं, काकांवर ढकलते आहेस तू. स्वतःचं खोटं झाकायला त्या माणसाच्या हातावर बोट दाखवतेस."

"तुझं खोटं नव्हतं."

"ते मला आज कळतंय." तिचा आवाज अजूनही शांत होता. "पदवीचं जाऊ द्या. इथे मला बरं आहे, मुलं चांगली आहेत, लग्न झालं. ते नाही. पण तुम्हाला माहीत आहे का मी काय करते? वर्गात मुलांना सांगते, डोळ्यांना दिसेल तेवढंच लिहा, जास्त नाही, कमी नाही. आणि दर वेळी मनात म्हणते, तू कशाला बोलतेस. तू तर हवं ते बघितलंस. नऊ वर्षं मला वाटतंय की मी ते बघितलंच नव्हतं. आधी वाटायचं, लोक चुकतात. मग हळूहळू मलाच आठवेना, मी खरंच काही चकत्या टाकून दिल्या होत्या की काय. एक-दोन आठवायलाही लागल्या होत्या. न टाकलेल्या चकत्या, काका. मला स्पष्ट आठवायच्या."

सिल्वेरिओ उठून उभा राहिला. क्षमा मागायचे शब्द त्याने बसमध्ये जुळवले होते. ते आता तोंडात आणायची त्याला लाज वाटली.

"क्षमा कर असं म्हणू नका," ती त्याच्याकडे न बघता म्हणाली. "मला जमणार नाही. आज तरी नाही. पुढे जमेल की नाही, माहीत नाही."

"क्षमा मागायला नाही आलो. तुला कळावं म्हणून आलो."

तिने पळी त्याच्यासमोर धरली. "हे धरा. तळाला लागू देऊ नका."

त्याने पळी घेतली. ती आतल्या खोलीत गेली. कपाटाचे दार उघडल्याचा, काहीतरी ओढून काढल्याचा आवाज आला, मग बराच वेळ काही नाही. सिल्वेरिओ ढवळत राहिला. गर घट्ट होत चालला होता, पळी जड झाली होती, खांदा भरून आला होता. त्याने हात बदलला नाही.

ती बाहेर आली तेव्हा तिच्या हातात विद्यापीठाच्या निळ्या पुठ्ठ्याच्या दोन वह्या होत्या. त्याच्याकडे न बघता ती मागच्या अंगणात गेली आणि द्राक्षाच्या मांडवाखाली बाकावर बसली. दारातून त्याला तिची पाठ आणि एक कोपर दिसत होते. तिने वही उघडली. आत चिकटवलेले आलेखाचे कागद उन्हात पिवळे दिसत होते.

पळी उभी राहू लागली तेव्हा त्याने गॅस बंद केला. ओट्यावर मातीचे साचे तेल लावून ठेवलेले होते. त्याने गर मोजून, कडेला न सांडता, एकेक साचा भरला. पातेले गरम पाण्याने घासले, तीनदा विसळले आणि पालथे घातले. पळी धुऊन पुसली.

अंगणात यास्ना एका पानावर बोट ठेवून रेषेवरून हळूहळू नेत होती, आधी सपाट, मग टोल्यांच्या खुणेपाशी वर, मग औषध घातलेल्या चकतीच्या, फारशी वर न गेलेल्या रेषेवरून. ओठ हलत होते. ती आकडे वाचत होती. पान उलटून तिने पुढचे वाचायला घेतले.

निरोप घ्यायला गेलो तर तिला मान वर करावी लागेल, असे सिल्वेरिओला वाटले. त्याने टोपी उचलली आणि समोरच्या दाराने बाहेर पडून, कडी वाजू न देता, ते ओढून घेतले.